खूण नसलेल्या इंजिनाचा टॉप कसा काढायचा

जुनी पेट्रोल गाडी हौसेने उभी करायला घेतली की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. टायमिंग लावायचं आहे, पण खूण कुठे आहे? पुलीवर गंज आणि तेलाचा थर, टायमिंग कव्हरवरचा काटा वाकलेला नाहीतर गायब, आणि पुली मुळात याच इंजिनाची आहे का, याचीही खात्री नाही. प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत तर हे वारंवार घडतं. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत ती कित्येक वर्षं राबली, ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या गाड्या बहुतेक हौशी मालकांकडे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांत दोन-तीन गाड्यांचे भाग एकत्र आलेले असतात. अशा इंजिनावर एखादी खूण दिसली तरी ती खरी मानावी की नाही, हा प्रश्न राहतोच.

म्हणून हा लेख पद्मिनी समोर ठेवून लिहिला आहे. मूळ पद्धत मात्र अ‍ॅम्बॅसेडर, जुनी जीप किंवा दुसऱ्या बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर पोचतो, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड एका रेषेत येतात, त्या स्थितीला टॉप डेड सेंटर म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं ‘टॉप’ किंवा टीडीसी. ठिणगी टॉपच्या किती अंश आधी पडावी हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण ते अंश मोजायचे कुठून, तर टॉपपासून. मूळच चार-पाच अंशांनी चुकलं तर पुढचं सगळं काम तेवढंच चुकीचं होतं. ठिणगी लवकर पडली तर घाटात इंजिन ठोकायला लागतं, उशिरा पडली तर इंजिन तापतं, ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. मग कार्ब्युरेटर खोला, प्लग बदला, रेडिएटर साफ करा, असं सगळीकडे फिरून होतं आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

नेहमीची पद्धत अशी: प्लग काढायचा, भोकातून स्क्रू-ड्रायव्हर नाहीतर एखादी सळई आत सोडायची, हाताने इंजिन फिरवायचं, आणि सळई वर यायची थांबली की ‘हा टॉप’ म्हणून खडूने खूण करायची. ही पद्धत ढोबळ कामापुरती ठीक आहे. टायमिंग लावायला ती उपयोगाची नाही, आणि का नाही ते आकड्यांत बघितलं की पुन्हा तो मोह होत नाही.

पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या ३७.५ मिलिमीटर. हिशेबापुरता कनेक्टिंग रॉड त्रिज्येच्या साडेतीन पट धरू. आता टॉपपासून क्रँक १ अंश फिरला तर पिस्टन किती खाली येतो? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ५ अंश फिरला तर सुमारे ०.१८ मिलिमीटर. पूर्ण १० अंश फिरला तरी पाऊण मिलिमीटरही नाही. म्हणजे टॉपच्या अलीकडे ५ आणि पलीकडे ५ अशा १० अंशांच्या पट्ट्यात पिस्टन जवळजवळ उभाच असतो. बोटांत धरलेल्या सळईला ०.१८ मिलिमीटरचा फरक कळत नाही. सळई थांबली असं वाटतं ती जागा या पट्ट्यात कुठेही असू शकते.

उलट टॉपपासून ३० अंशांवर बघा. तिथे पिस्टन सुमारे ६.४ मिलिमीटर खाली असतो आणि दर अंशाला ०.४ मिलिमीटर सरकत असतो. तिथे मापात दशांश मिलिमीटरची चूक झाली तरी कोनात ती पाव अंशाचीच पडते. म्हणून टॉप टॉपवर शोधायचाच नाही. टॉपच्या अलीकडे आणि पलीकडे पिस्टन एकाच उंचीवर असताना दोन खुणा करायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी जमिनीत उभ्या केलेल्या काठीच्या, म्हणजे शंकूच्या, सावलीवरून दिशा काढली ती याच युक्तीने. माध्यान्हीला सावली सगळ्यात आखूड असते, पण तेव्हा ती इतकी सावकाश बदलते की नेमका क्षण धरता येत नाही. म्हणून ते सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक शंकूभोवती काढलेल्या वर्तुळाला कुठे टेकतं तिथे खुणा करत आणि त्यांवरून पूर्व-पश्चिम रेषा काढत.

आधी मात्र खूण खरंच नाही ना, याची खात्री करून घ्या. पुलीची कड रॉकेल आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, वरून खडू घासा. बारीक खाच असेल तर ती उठून दिसते. काही इंजिनांना खूण पुलीवर नसून फ्लायव्हीलवर असते आणि बेल-हाउसिंगच्या छोट्या खिडकीतून दिसते. तीही बघा. खूण सापडली तरी लगेच विश्वास टाकू नका. काही गाड्यांची पुढची पुली दोन भागांची असते: मधला गाभा, बाहेरची कडी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. रबर जुनं होऊन सुटलं की कडी गाभ्यावर सरकते. खूण कडीवर असते, क्रँक गाभ्याबरोबर फिरतो, आणि मग स्पष्ट दिसणारी खूणच चुकीचं सांगते. सापडलेली खूण पुढच्या पद्धतीने एकदा पडताळून घेतली की पुढे वर्षानुवर्षं शंका राहत नाही.

आता पिस्टनला दोन्ही बाजूंनी एकाच उंचीवर अडवणारी आडकाठी बनवायची. यात पैसा जवळजवळ लागत नाही, थोडं हातकाम लागतं. तुमच्या इंजिनाला बसणारा जुना, टाकाऊ प्लग घ्या. व्हाइसमध्ये धरून खालचा वाकडा इलेक्ट्रोड कापून टाका. लोखंडी कवचाची वरची वळवलेली कड, जी चिनीमातीचा भाग धरून ठेवते, ती हॅकसॉने किंवा ग्राइंडरने कापा आणि चिनीमाती खालून ठोकून बाहेर काढा. डोळ्यांवर चष्मा लावूनच हे करा. चिनीमातीचे कण धारदार असतात आणि लांब उडतात. उरलं ते आट्यासह पोकळ कवच. त्याच्या वरच्या तोंडावर ८ मिलिमीटरचा नट बरोबर मध्यावर वेल्ड करून घ्या आणि त्यातून लांब, पूर्ण आट्याचा बोल्ट सोडा. बोल्टचं टोक कानशीने गोल करा, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर ओरखडा उठणार नाही. बोल्टवर वरून आणखी एक नट चढवा. बोल्ट हव्या त्या खोलीवर आला की तो आवळून बोल्ट जागच्या जागी पक्का करायचा. वेल्डिंगची काजळी आणि लोखंडाचा कीस कवचात राहू देऊ नका, डिझेलने धुऊन हवा मारा. यातला एक कण जरी सिलिंडरमध्ये गेला तरी तो पिस्टनबरोबर भिंत घासत बसतो.

हे काम लेथवाल्याकडूनही करून घेता येतं. तयार हत्यारही मिळतं. पण हाताने बनवलेलं चांगलंच चालतं, कारण बोल्ट किती आत जातो याचं अचूक माप लागतच नाही.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण्या लावा, गिअर न्यूट्रलला घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. या कामात आडकाठी आत असताना चुकून कुणी स्टार्टर फिरवला तर पिस्टनला भोक पडू शकतं, त्यामुळे ही वायर काढणं टाळायचं नाही. प्लग काढण्याआधी प्रत्येकाच्या भोवतालची धूळ हवेने उडवा, मगच चारही प्लग काढा. चारही काढले की कॉम्प्रेशनचा अडथळा जातो आणि इंजिन हाताने अलगद फिरतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आडकाठी लावली की पिस्टन टॉप ओलांडून जाऊ शकत नाही. एका बाजूने टेकला की दुसऱ्या बाजूने टेकवायला इंजिन जवळजवळ पूर्ण फेरा उलटं फिरवावं लागतं. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. पहिला टेका कॉम्प्रेशनच्या टॉपआधी मिळाला, तर उलट फिरवल्यावर दुसरा टेका एक्झॉस्टच्या टॉपनंतर मिळतो. त्या वेळी इनलेट व्हॉल्व्ह उघडत असतो आणि बोल्ट त्याच्या वाटेत आला तर व्हॉल्व्ह वाकतो. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडरसारख्या पुशरॉडच्या इंजिनात यावर सोपा उपाय आहे. टॅपेट कव्हर काढा आणि पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही रॉकरचे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू इतके ढिले करा की इंजिन कुठेही फिरवलं तरी ते दोन व्हॉल्व्ह बंदच राहतील. पुशरॉड जागेवरून निसटत नाही ना, तेवढं पाहा. काम झालं की टॅपेटची गॅप पुन्हा लावायची.

पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. त्याच्या प्लगच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात आत बघा. पिस्टनचा माथा सरळ दिसतो का? भोक फार तिरकं असेल आणि समोर व्हॉल्व्ह किंवा चेंबरची भिंतच दिसत असेल तर बोल्ट पिस्टनला टेकणार नाही, तिथे ही आडकाठी वापरू नका. पुशरॉडच्या इंजिनात तेव्हा दुसरी वाट असते: पिस्टन टॉपजवळ असताना पहिल्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकवायचा आणि त्याच्या देठावर डायल गेज लावून दोन्ही बाजूंची सारखी उंची मोजायची. पिस्टन फार खाली गेला तर व्हॉल्व्ह आत पडतो आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून देठाला घट्ट रबरी कडी लावावीच लागते, आणि हे काम अनुभवी मेकॅनिक शेजारी असेल तरच करावं.

माथा दिसत असेल तर सोपं आहे. आधी सळईने अंदाजे टॉप काढा. ढोबळ कामाला तिची ना नाही, फक्त सळई मऊ, गुळगुळीत आणि भोकात पूर्ण न जाईल इतकी लांब असू द्या. पिस्टन वर असताना बोल्ट मागे घेऊन आडकाठीचं कवच हाताने बसवा, मग बोल्ट अलगद पिस्टनला टेकेपर्यंत आत फिरवा. आता बोल्ट तसाच ठेवून पिस्टन चांगला खाली न्या आणि बोल्ट आणखी पाच फेरे आत घ्या. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचा आटा सव्वा मिलिमीटरचा असतो, म्हणजे पाच फेऱ्यांत तो सव्वासहा मिलिमीटर आत जातो. वरच्या हिशेबाने पिस्टन टॉपच्या सुमारे ३० अंश आधी टेकेल. भोक तिरकं असेल तर कोन थोडा वेगळा येईल, त्याने काही बिघडत नाही. २० ते ४५ अंशांत कुठेही टेकला तरी चालतं. वरचा नट आवळून टाका.

खुणेसाठी पुलीजवळ पक्का काटा हवा. पत्र्याची पट्टी किंवा जाड तार टायमिंग कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली दाबून टोक पुलीच्या कडेपर्यंत आणा. काटा हलला तर सगळं मोजमाप वाया जातं, म्हणून तात्पुरता न करता कायमचाच करा, टोकाला धार द्या. पुलीच्या कडेला मास्किंग टेप गुंडाळा.

इंजिन हाताने, सावकाश, उजवीकडे फिरवा, म्हणजे समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. आडकाठी लागली की थांबा. जोर लावायचा नाही, फक्त टेकल्याचं हाताला कळलं पाहिजे. काट्यासमोर टेपवर बारीक रेघ मारा. आता उलट फिरवा. पुढून मारायचं हँडल इथे उपयोगी पडत नाही, ते एकाच दिशेला अडकतं. प्लग काढलेले असल्याने पंख्याचा पट्टा घट्ट धरून किंवा पुलीच्या नटाला पाना लावून फिरवता येतं. नट उलट फिरवताना सुटतोय असं वाटलं तर लगेच थांबा आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवरून फिरवा. जवळजवळ पूर्ण फेरा झाला की पुन्हा आडकाठी लागेल. मघाइतकाच हलका दाब ठेवून दुसरी रेघ मारा. दोन्ही वेळेला क्रँकच पिस्टनला वर दाबत असतो, त्यामुळे बेअरिंगमधली ढिलाई दोन्हीकडे सारखी येते आणि मध्य काढताना निघून जाते. दाब सारखा ठेवायचा तो याचसाठी.

आता टेपवर दोन रेघा आहेत. त्यांच्या मधल्या लहान कमानीचा मध्य म्हणजे टॉप. मोठ्या कमानीचा मध्य हा बॉटम, तिकडे चुकून जाऊ नका. मध्य काढायला पट्टी किंवा कोनमापक लागत नाही. कागदाची अरुंद पट्टी पुलीच्या कडेवरून एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत ताणून बसवा, रेघांवर नीट कापा, टोकाला टोक जुळवून घडी घाला. ती पट्टी परत जागेवर ठेवली की घडीसमोर टॉप येतो. पुली १५० मिलिमीटर व्यासाची असेल तर तिचा घेर ४७१ मिलिमीटर, म्हणजे एक अंश सुमारे १.३ मिलिमीटरचा. कागदाच्या घडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ती अर्ध्या अंशाच्या आतच राहते. अंशांची तबकडी लावायची असेल तर तीही चालते. तबकडी अंदाजे बसवली आणि एका बाजूला २७, दुसऱ्या बाजूला ३३ असे आकडे आले, तर बेरीज ६०, निम्मे ३०. तबकडी किंवा काटा ३ अंशांनी सरकवा, म्हणजे दोन्हीकडे ३० येईल. मग शून्य म्हणजेच टॉप.

पद्धत बरोबर झाली की नाही हे तुम्हाला लगेच तपासता येतं. बोल्ट दोन फेरे आणखी आत किंवा बाहेर घ्या आणि सगळं पुन्हा करा. दोन्ही रेघा सरकतील, कारण पिस्टन आता वेगळ्या उंचीवर अडतो. मध्य मात्र होता तिथेच राहिला पाहिजे. तो सरकला तर काटा हलला, बोल्ट पक्का नव्हता, की दाब एका बाजूला जास्त पडला, ते शोधा. दोनदा एकच मध्य मिळाला की बोल्ट बाहेर काढा, तिकोनी कानशीने पुलीच्या कडेवर हलकी खाच पाडा आणि पांढऱ्या रंगाची रेघ भरा. छिन्नीचा घाव ओतीव पुलीवर घालू नका, तडा जाऊ शकतो. इंजिन उतरवून खोललेलं असेल आणि हेड बाहेर असेल तर हेच काम आणखी सोपं होतं, कारण बोअरवर आडवी पट्टी बोल्टने बसवून तिलाच पिस्टन टेकवता येतो. ओव्हरहॉलच्या वेळी मेकॅनिकला ही खूण करून द्यायला आवर्जून सांगा.

पुढे ठिणगीची खूण, आणि इथे फार जण दिशा चुकतात. पुस्तकात टॉपच्या आधी समजा १० अंश दिले आहेत. १५० मिलिमीटरच्या पुलीवर ते सुमारे १३ मिलिमीटर होतात. ही १३ मिलिमीटरची खूण टॉपच्या कोणत्या बाजूला? पुली घड्याळाप्रमाणे फिरते, आणि ठिणगीची खूण काट्यासमोर आधी यायला हवी, टॉपची नंतर. म्हणून पुलीवर ती टॉपच्या खुणेपासून घड्याळाच्याच दिशेला, म्हणजे फिरण्याच्या दिशेने पुढे असते. खुणा पुलीवर न करता कव्हरवर करायच्या असतील तर मात्र हे उलटं होतं: तिथे आधीच्या अंशांची खूण घड्याळाच्या विरुद्ध बाजूला येते. कागदावर एकदा चित्र काढून बघितलं तर गोंधळ उरत नाही.

आता प्रश्न दोन टॉपपैकी कोणता, याचा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. एक्झॉस्टच्या टॉपला तो बसवला तर सगळ्या ठिणग्या पूर्ण फेऱ्याने चुकतात, गाडी चालू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून भडके येतात. रोटर पहिल्या तारेकडे आहे म्हणून कॉम्प्रेशनचा टॉप आहे असं समजू नका, कुणी डिस्ट्रिब्युटर आधीच उलटा बसवलेला असू शकतो. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हवेचा दाब बघायची रीत सगळ्यांना माहीत आहे. पण आपण पहिल्या सिलिंडरचे रॉकर ढिले केले आहेत, त्याचे व्हॉल्व्ह कायम बंद आहेत. अशा वेळी पिस्टन दोन्ही वेळेला हवा दाबेल आणि अंगठा चुकीचं सांगेल. त्यापेक्षा चौथ्या सिलिंडरचे रॉकर बघा. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पहिला आणि चौथा पिस्टन बरोबर वर येतात, एक कॉम्प्रेशनला तर दुसरा एक्झॉस्टच्या शेवटी. टॉपच्या खुणेच्या थोडं मागेपुढे हलवताना चौथ्याचा एक्झॉस्ट बंद होतोय आणि इनलेट उघडायला लागलाय असं दिसलं, तर पहिला कॉम्प्रेशनच्या टॉपवर आहे. चौथ्याचे दोन्ही रॉकर स्थिर असतील तर इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा. कोणता व्हॉल्व्ह इनलेट आणि कोणता एक्झॉस्ट हे मॅनिफोल्डच्या तोंडांवरून कळतं.

मारुती ८००सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात ही जोडी नसते. तिथे तीन क्रँक १२० अंशांवर असतात, कोणतेही दोन पिस्टन एकत्र वर येत नाहीत. तिथे रॉकर पुन्हा लावून अंगठ्याची रीत वापरावी किंवा कॅमच्या उंचवट्यांची दिशा बघावी. शिवाय अशा इंजिनाचा कॅम ओव्हरहेड आणि बेल्टवर चालणारा असतो, रॉकर ढिले केल्याशिवाय आडकाठी लावू नये. बेल्टची इंजिनं उलट फिरवताना बेल्ट ढिल्या बाजूला दाते सोडू शकतो, म्हणून आधी टेन्शनर तपासा आणि शेवटी कॅमच्या खुणा जुळतात का ते पुन्हा बघा. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत ठिणगीची वेळ क्रँकवरच्या दातेरी चक्रावरून कॉम्प्युटर ठरवतो, तिथे पुलीवर खूण करून काही साधत नाही.

आडकाठीचं कवचही बाहेर काढा, हे आधी. मगच टॅपेटची गॅप लावा, कव्हर बसवा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅपही आताच लावून घ्या, कारण गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. आधी टायमिंग आणि मग गॅप लावली तर टायमिंग पुन्हा लावावं लागेल. इंजिन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात उजवीकडे फिरवत ठिणगीच्या खुणेवर आणा. खूण ओलांडली गेली तर तिथूनच मागे आणू नका. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेन आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअरमधली ढिलाई चालत्या इंजिनासारखीच एका बाजूला राहील.

बॅटरी जोडा, इग्निशन चालू करा. १२ व्होल्टच्या छोट्या दिव्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लावा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला असतो, उघडताच लागतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट थोडा ढिला करून तो सावकाश फिरवा आणि दिवा लागतो त्या जागी आवळा. त्या वेळी रोटर ज्या टोकाकडे असेल ती पहिल्या प्लगची तार. तिथून रोटरच्या फिरण्याच्या दिशेने ३, ४ आणि २ च्या तारा लावा. खात्री करायला इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा त्याच खुणेवर आणा, दिवा खुणेवरच लागायला हवा. टायमिंग लाइट असेल तर नंतर चालू इंजिनावर तीच खूण बघा. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची नळी असेल तर ती काढून तिचं तोंड बंद करा, नाहीतर खूण पुढे गेलेली दिसेल.

प्लग बसवून पहिल्यांदा गाडी चालू करताना हँडल वापरणार असाल तर ते खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. ठिणगी चुकून लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं, आणि अंगठा दांड्याभोवती असेल तर मनगट जातं.